व्हिटबीचा अनिवासी

दुसऱ्यांदा देश सोडला तेव्हा मला पोचवायला एकटी मेधा आली होती, आणि तीही गाडीतून उतरली नाही. टोरंटोच्या विमानतळावर डिपार्चर्सपाशी गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. फेब्रुवारी होता. कडेला मिठाने काळपटलेला बर्फ साचला होता. मी डिकीतून बॅगा काढल्या आणि तिच्या खिडकीपाशी गेलो. तिने काच अर्धी खाली केली.

"पोचलास की मेसेज कर. आणि रिटर्न तिकीट काढलं नाहीयेस ना? परत एकदा बघ. तुझ्या त्या सल्लागाराला चालायचं नाही."

"नाही काढलं."

"मग जा. परत येऊ नको," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो. मागच्या गाडीने हॉर्न दिला. काच वर गेली, गाडी गेली. मी नवऱ्यासारखा हात हलवत उभा होतो. कागदोपत्री आम्ही तेव्हा वेगळे झालो होतो, आणि तो विनोद आम्हाला दोघांनाही अजून नवा होता.

पहिल्यांदा निघालो तेव्हा अकोला स्टेशनवर अख्खी कॉलनी आली होती. बाबांच्या ऑफिसातले लोक, शेजारच्या काकू, माझे शाळेतले मास्तर. आईने तिळाची चटणी आणि चिवडा इतका बांधला होता की त्यासाठी एक बॅग वेगळी करावी लागली. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. कोणीतरी त्यांना म्हणालं, "साहेब, तुम्ही पोराला घडवलं." बाबा म्हणाले, "मी काय घडवतो? माझ्या पगारात इंजिनीअर होत असते का? सरकारी कॉलेजात शिकला तो. लोकांच्या पैशावर शिकला." तेव्हा मला त्या बोलण्याचा राग आला होता. माझा दिवस होता, आणि तिथेही हा माणूस श्रेय लोकांना वाटत होता.

अकोल्यातले माझे लोक हे वाचतील, आणि इकडे आलेलेही वाचतील. दोघांनाही माझ्याबद्दल अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. कोणी म्हणतं, श्रीकांतने टॅक्स बुडवला. कोणी म्हणतं, त्याच्या बायकोने त्याला सोडलं. दोन्ही तितकंसं खरं नाही, आणि जे खरं आहे ते त्याहून बरं नाही.

कॅनडात मी सुखात होतो. नॉर्थ यॉर्कमध्ये नोकरी, व्हिटबीत घर, मागे मेपलचं झाड, बेसमेंटमध्ये टेबल टेनिस. मेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. इरा इथेच जन्मली. तिच्या जन्माच्या वेळी आम्ही हॉस्पिटलला फक्त पार्किंगचे पैसे दिले होते, आणि पुढे कितीतरी वर्षं मी ते पार्किंग किती महाग होतं याचीच गोष्ट सांगत असे.

निरंजन माझ्याबरोबर कारपूल करायचा. नागपूरचा, माझ्याहून थोडा लहान, बोलायला तरबेज. गाडी चालवता चालवता तो मोबाईलवर कुठल्या कुठल्या मुलाखती लावायचा. त्यात कोणी ना कोणी सांगत असायचं की सरकार ही एक जुनाट कंपनी आहे, तिची सेवा वाईट आहे आणि तिला गिऱ्हाईक सोडून जाऊ शकत नाही म्हणून ती टिकली आहे. उद्याची शहरं खासगी असतील. करार करा, फी भरा, राहा. पटलं नाही तर निघा. "अर्धा पगार जातो बे आपला," निरंजन म्हणायचा, "आणि बदल्यात काय देतात?" हे आम्ही सरकारने बर्फ काढून मीठ टाकलेल्या हायवेवरून जाताना बोलत असू. मान डोलवायचो मी. काही महिन्यांनी मीच ती वाक्यं मराठी मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, म्हणायला लागलो. पन्नाशी जवळ आली की माणसाला आपल्याकडे एखादा विचार असावा असं वाटतं. माझ्याकडे हा आला.

त्याच सुमारास आमच्या कंपनीच्या विक्रीची कुणकुण लागली. मी तिथे अगदी सुरुवातीला लागलो होतो, त्यामुळे माझ्याकडे तिचे शेअर होते. निरंजनकडेही होते. तो म्हणाला, विकली जाण्याआधी देश सोडायचा. कॅनडात कर लागतो तो तुम्ही कुठे राहता त्यावर, पासपोर्टवर नाही. आज निघालो तर आजच्या किरकोळ किमतीवर हिशेब करून मोकळं होता येतं, आणि पुढे जो फायदा होईल तो आपला. राहायला जागा त्याने शोधून ठेवलीच होती. मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशाने किनाऱ्यावरचा एक तुकडा एका कंपनीला दिला होता. तिथे त्या कंपनीचे कायदे, तिचेच लवाद, तिचेच पहारेकरी, आणि प्राप्तिकर नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही नुसतं हार्बर म्हणायचो.

पण निघाला म्हणून माणूस निघाला असं होत नाही. तुमचं घर कुठे आहे, बायको कुठे आहे, मुलं कुठे आहेत, ते करखातं बघतं. इरा अकरावीत होती. मेधाची नोकरी होती. त्या दोघी येणार नव्हत्या आणि यावं असं मी फारसं म्हणालोही नाही. हार्बरच्या सल्लागाराने, झूमवर नेहमी उन्हात बसलेला असायचा तो, सोपा उपाय सांगितला. घर बायकोच्या नावावर करा. आणि कायदेशीर वेगळे व्हा. घटस्फोट नाही, फक्त सेपरेशन अॅग्रीमेंट. दोन-तीन वर्षं. मग परत एकत्र व्हा, कोण अडवतो?

हे ऐकून एखादा कॅनेडियन माणूस उठून गेला असता. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि का वाटलं नाही ते सांगतो. आमच्या घरी बाबा आणि त्यांच्या भावाची कागदोपत्री वाटणी झाली होती. शेती जास्त दिसू नये म्हणून तलाठ्याकडे दोन खाती, रेशनकार्डं दोन. जेवायला दोघं एकाच ताटात बसत नसत, एवढाच काय तो वेगळेपणा. चूल एक, दिवाळी एक, भांडण एक. कागद वेगळा आणि घर वेगळं, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. कागदाने घर तुटतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मेधाच्या माहेरीही पुण्यात एक फ्लॅट मामाच्या नावावर होता. तिलाही ते नवीन नव्हतं.

सांगितलं फक्त सबनीस काकांनी. काका साठच्या दशकाच्या शेवटी इथे आलेले, आयुष्यभर अकाउंटंट, आता निवृत्त. मंडळातल्या निम्म्या लोकांचे रिटर्न अजून तेच बघतात. संक्रांतीच्या पॉटलकला मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. बाजूला घेण्याचा काही उपयोग नव्हता, काकांना हळू बोलता येत नाही.

"तुला टॅक्स सोडायचाय का बायको? एकदा ठरव!"

"अहो, हळू," काकू म्हणाल्या. तिळगूळ घेणारे सगळे वळून बघायला लागले.

"हळू काय? हा चूल वेगळी करतोय म्हणे."

"कागदावर, काका."

"आणि भाकरी? ती पण कागदावर खाणारेस?" काका म्हणाले. "अरे, इथला अधिकारी कागद वाचत नाही. तो बघतो तू रात्री कुठे निजतोस, तुझं पत्र कुठे येतं, आजारी पडलास तर कोण धावतं. त्याला तुझ्या सासूपेक्षा जास्त चौकशा असतात."

सगळे हसले. मेधाही हसली. घरी जाताना गाडीत म्हणाली, "काकांचं जरा ऐकावंसं वाटतंय मला." मी म्हणालो, "काका जुन्या काळातले आहेत." ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढे काही बोलली नाही, आणि मी ते होकारात धरलं.

सह्या करायला तिचा वकील वेगळा, माझा वेगळा लागतो. मेधा लंच ब्रेकमध्ये लॅबच्या कपड्यांत आली, सही केली, आणि तिथून आम्ही डोसा खायला गेलो. "वेगळं झाल्याची पार्टी," ती म्हणाली. बिल तिने भरलं.

हार्बरबद्दल काय सांगू? समुद्र छान होता. इमारती पांढऱ्या, इंटरनेट उत्तम, कॉफी त्याहून उत्तम. प्रत्येक जण कशाचा ना कशाचा फाउंडर होता. संध्याकाळी सगळे गच्चीवर बसून स्वातंत्र्यावर बोलायचे. सफाई करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, बांधकामावरच्या माणसांना अंधार पडायच्या आत फाटकाबाहेर जावं लागे, कारण राहण्याचा करार त्यांच्याकडे नव्हता. फाटकाबाहेर त्यांचं गाव होतं. तिथे रस्ता नव्हता. आमच्या रस्त्यावर कधी बर्फ पडला नाही, म्हणून तो काढायला कोणी लागतं हे मी विसरून गेलो.

एकदा पाणी गेलं. समुद्राचं पाणी गोड करणारं यंत्र बंद पडलं होतं. मी अॅपवर तक्रार टाकली. उत्तर आलं की माझ्या प्लॅनमध्ये तातडीची सेवा येत नाही. ऑफिसात गेलो तर तिथे एक स्क्रीन होता, माणूस नव्हता. मला एकदम बाबा आठवले. अकोल्यात पाणी आलं नाही की लोक थेट आमच्या दारात येऊन ओरडायचे. बाबा बनियनवर बाहेर येऊन ऐकून घ्यायचे. आई चिडायची, "काऊन ऐकून घेता तुम्ही? नळ काय तुम्ही बंद केला?" बाबा म्हणायचे, "ओरडू दे. कोणावर तरी ओरडता आलं पाहिजे माणसाला." मी त्या स्क्रीनसमोर उभा होतो आणि ओरडायला कोणी नव्हतं. निरंजनला हे सांगितलं तर तो म्हणाला, "वरचा प्लॅन घे ना मग."

पण पाण्याचं काही नाही. माझं जे गेलं ते व्हिटबीत गेलं, आणि मी तिथे नव्हतो.

सल्लागाराचा एक नियम होता. कॅनडात आलात तरी घरी राहायचं नाही. घरी रात्र काढली की ते घर तुमचं ठरतं. इराच्या बारावीच्या ग्रॅज्युएशनला मी आलो आणि हायवेलगतच्या एका मोटेलमध्ये उतरलो. स्वतःच्या गावात. खिडकीतून मला आमचं नेहमीचं ग्रोसरी स्टोअर दिसत होतं.

संध्याकाळी इरा डबा घेऊन आली. "मम्माने पिठलं-भात दिलाय. ती म्हणाली मायक्रोवेव्ह असेल." पलंगाच्या कडेवर बसली. तिने बूट काढले नाहीत.

"बाबा, धिस इज सो वीअर्ड. घर इज राइट देअर."

"थोडेच दिवस, बेटा. कागदांसाठी आहे."

"आय नो. पण मी फ्रेंड्सना काय सांगू? आर यू गाइज डिव्होर्स्ड ऑर नॉट?"

"नाही गं. नुसतं कागदावर."

"देन कम होम," ती म्हणाली.

मी पिठलं गरम करायला उठलो. ती थोडा वेळ बसली, मग गेली. ते पिठलं मी उभ्याउभ्या खाल्लं आणि मनात हिशेब केला की आता थोडंच राहिलंय. तेव्हा मला आपण शिस्तीचे आहोत असं वाटलं होतं. अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकतो.

इकडे मेधाचं आयुष्य त्या कागदाप्रमाणे वागायला लागलं होतं. बँकेने विचारलं, विवाहित की वेगळ्या? तिने वेगळ्या सांगितलं. तिच्या ऑफिसने विम्यातून माझं नाव काढलं. युनिव्हर्सिटीच्या अर्जात इराने आई-वडिलांचे दोन पत्ते लिहिले. बर्फ शोव्हल करायला मेधाने शेजारच्या मुलाला लावलं, घर तापवणारा गॅसवरचा फर्नेस बंद पडला तेव्हा माणूस शोधला, गाडी बदलली. यातलं प्रत्येक काम झाल्यावर ती मला कळवायची. मग हळूहळू कळवायची बंद झाली. मला वाटलं, बरं झालं, सरावली.

शरद ऋतूत तिचा मेसेज आला. पित्ताशयात खडे झालेत, तातडीने काढायचं म्हणतात. मी काय केलं ते सांगतो. मी विमानाचं तिकीट बघितलं नाही. आधी सल्लागाराला विचारलं. त्या वर्षात माझ्या कॅनडातल्या फेऱ्या जास्त झाल्या होत्या. त्याचं उत्तर आलं की यायचं टाळलेलं बरं. मग मी मेधाला फोन केला.

"हल्ली त्याच दिवशी घरी सोडतात ना?"

"हो."

"इरा येईल ना?"

"तिची मिडटर्म आहे."

"मग?"

"बघते मी," ती म्हणाली.

शेजारच्या फिलिपिनो बाईने तिला हॉस्पिटलला नेलं. त्याच दिवशी सोडलं नाही. इन्फेक्शन झालं, ताप चढला, बरेच दिवस राहावं लागलं. जवळच्या व्यक्तीचं नाव विचारलं तेव्हा तिने त्या शेजारणीचं दिलं. मला हे इराकडून कळलं, तेही ती रागात होती म्हणून. मेधाला फोन केला तर ती म्हणाली, "आता बरी आहे." आवाज नेहमीचाच होता. पुढे किती तरी वेळा मी तो आवाज मनात ऐकला आहे. त्यात राग असता तर मी विमानात बसलो असतो असं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही.

कंपनी विकली गेली. पैसे आले. त्यानंतर हार्बरने एका ईमेलने करार बदलला, फी वाढवली, आणि खाली लिहिलं की मान्य नसेल तर रहिवासी बाहेर पडायला मोकळे आहेत. मी मोकळा झालो. निरंजन दुबईला गेला. मी व्हिटबीशेजारच्या ऑशावात एका तमिळ कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये उतरलो, कारण सल्लागाराच्या मते अजून काही महिने घर टाळायला हवं होतं. त्यातच करखात्याचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, मी या सगळ्या काळात कॅनडाचाच रहिवासी होतो. घर तेच, बायको तीच, मुलगी तीच. गंमत बघा, सरकारी मोफत उपचारांच्या हेल्थ कार्डाच्या ऑफिसने मला त्याच आठवड्यात सांगितलं की तुम्ही इथे राहत नव्हतात, तेव्हा नवा अर्ज करा.

सल्लागाराचा झूम आता लागत नव्हता. मी काकांकडे गेलो. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला. टोमणा मारला नाही, त्यावरून प्रकरण गंभीर आहे ते कळलं.

"दोन रस्ते आहेत. वेगळे झालो ते खरं होतं असं दाखव. नाहीतर खोटं होतं म्हण आणि भर."

"खरं होतं हे कसं दाखवायचं?"

"बायकोने सांगायला हवं तसं. सहीनिशी."

"देईल ती?"

"ते मला काय विचारतोस?" काका म्हणाले.

गणेश चतुर्थी आली. मेधाने मंडळींच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं. त्यात मीही होतो. मला वाटलं, हीच वेळ. खरं सांगायचं तर मला तिची सही नको होती. मला तिने नाही म्हणायला हवं होतं. मी विचारीन, ती चिडेल, म्हणेल की असला खोटेपणा मी करणार नाही, आपण नवरा-बायको आहोत. मग मी सगळा कर भरीन आणि घरी जाईन. असं सगळं मी बेसमेंटमध्ये बसून ठरवलं होतं. नवा कुर्ता घातला.

घरात बारीकसारीक बदल झाले होते. सोफा दुसऱ्या भिंतीला होता. ब्रॅम्प्टनहून आलेले गुरुजी घाईत होते. एरवी ते ट्रकच्या डिस्पॅचचं काम करतात.

"चला, यजमान, बसा लवकर. मला अजून दोन गणपती आहेत." त्यांनी दोन पाट मांडले. "साहेब, सोवळं नाही? चालतं. मोजे तेवढे काढा."

मी भिंतीला टेकून मोजे काढायला लागलो. वर्षानुवर्षं त्या पाटावर मीच बसलो होतो.

"गुरुजी, पूजा मी करणार आहे," मेधा म्हणाली.

"हो ना ताई, तुम्ही यांच्या हाताला हात लावायचा."

"नाही. मी एकटीच. तो पाहुणा आहे."

खोलीत दहा-बारा जण असतील. कोणीतरी खोकलं. मी एका पायावर उभा होतो, एक मोजा हातात, एक पायात. गुरुजी सरावलेले, त्यांनी दुसरा पाट हळूच मागे सारला. "काही हरकत नाही. गोत्र?"

मेधाने तिच्या वडिलांचं गोत्र सांगितलं.

इरा माझ्याकडे बघत नव्हती. मी मोजा परत घातला.

आरती झाली, लोक पानं घेऊन बेसमेंटमध्ये गेले. मी स्वयंपाकघरात गेलो. मेधा उकडीचे मोदक काढत होती. इतकं झाल्यावर विचारायचं नसतं. मी विचारलं.

"करखात्याला तुझं एक निवेदन लागेल असं काका म्हणतात."

"कशाचं?"

"आपण वेगळे झालो, ते... खरं होतं म्हणून."

ती वाफेतून मागे सरली. "दे. करते सही."

"मेधा, तसं नसेल तर..."

"तसंच आहे." तिने एक मोदक उचलला, तो फुटला होता, बाजूला ठेवला. "फक्त तारीख बदल. तू गेलास तेव्हापासूनचं लिहिलंस तर सही नाही करणार. तेव्हा खोटं होतं. तेव्हा मी रोज तुझी वाट बघत होते, वेड्यासारखी. ऑपरेशनच्या आठवड्यापासून लिही."

तिने हात पुसून पुढे केला.

"कुठेय कागद?"

"आणला नाही," मी म्हणालो. "मला वाटलं तू नाही म्हणशील."

"का म्हणू? तुला तेच हवं होतं ना?" ती खरंच विचारत होती. मग ताटली पुढे केली. "मोदक खाऊन जा. तूप आहे तिथे."

ते निवेदन मी घेतलं नाही. करखात्याला लिहून दिलं की मी गेलो तेव्हा वेगळं होणं फक्त कागदावर होतं, घर हेच होतं, मी इथलाच होतो. कर, व्याज, दंड, सगळं भरलं. शेअरचे पैसे बहुतेक त्यात गेले. काका म्हणाले, "उशिरा का होईना." मी मेधाला फोन करून सांगितलं. मला वाटलं होतं, आता ती...

"बरं केलंस," ती म्हणाली. "पण श्री, सरकारशी खरं वागलास तू. त्यांना पत्र टाकावं लागलं तेव्हा."

मला परत बोलावण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढच्या वर्षी रिटर्नमध्ये मी स्वतःला वेगळा झालेला असं लिहिलं. या वेळी कोणी शंका काढली नाही.

आई अकोल्याला ताईकडे असते. रविवारी फोन करतो. "घरी सगळे बरे?" ती विचारते. मी बरे म्हणतो. कोणाच्या घरी, हे ती विचारत नाही. ताईने तिला किती सांगितलंय मला माहीत नाही. कधी कधी नव्या पोरांचे फोन येतात, पुण्याचे, नागपूरचे, हुशार. कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलेलं असतं. असं ऐकलंय, तुम्ही नॉन-रेसिडेंट झाला होतात, कसं करायचं? मी त्यांना नियम सगळे सांगतो, मला ते पाठ आहेत. मग विचारतो, बायकोला विचारलंस का? ते म्हणतात, हो हो, तिला चालेल, ती काही म्हणाली नाही. इथे मला ओरडावंसं वाटतं. एक-दोनदा ओरडलोही. त्यांनी परत फोन केला नाही.

बाबा आज असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी टाळतो. ते काही म्हणाले नसते. बनियनवर बाहेर येऊन ऐकून घेतलं असतं.

गेल्या आठवड्यात मेधाचा मेसेज आला. विंटर टायर बसवून देशील का, गॅरेजवाल्याकडे पुढच्या महिन्यापर्यंत वेळ नाही आणि शुक्रवारी बर्फ सांगितलाय. मी शुक्रवारपर्यंत थांबलो नाही, त्याच संध्याकाळी गेलो. तिने गॅरेजचं मोठं दार उघडून ठेवलं होतं. जॅक, पाना, सगळं जिथल्या तिथे होतं. मी गुडघ्यावर बसून एक एक चाक बदललं, नट परत परत आवळले, गरजेपेक्षा जास्त वेळा. घरात जायचं दार किलकिलं होतं. आत फोडणीचा वास होता, मिक्सर चालू झाला, बंद झाला. इरा सुट्टीला आली होती, वर कुठेतरी फोनवर हसत होती. मी अगदी हळू काम केलं. माझं घर मला त्या फटीतून ऐकू येत होतं, सगळं, आणि माझ्यावाचून त्यात काही अडत नव्हतं.

मेधा चहा घेऊन आली. आल्याचा, साखर कमी, तिला लक्षात होतं. मी उठून कप घेतला.

"झालं?"

"एकच राहिलंय."

"थँक्स," ती म्हणाली. माझ्या हाताकडे बघितलं, ते काळे झाले होते. आत येऊन धू असं म्हणेल असं मला वाटलं. तिने खिशातून पेपर नॅपकिन काढून दिला.

"दार लावून घेते हं," ती म्हणाली. "हीट बाहेर जातेय."

बरोबरच होतं. गॅसचं बिल तीच भरते. दार लागलं. मी चहा प्यायलो, शेवटचं चाक बसवलं, कप पायरीवर ठेवला.